उभ्या गाडीतली गोष्ट

शनिवारी दुपारी गाडी बरी झाली. झाली म्हणजे, नव्हती झाली. शनिवारची दुपार अजून यायची होती, आणि जे आलेलं नाही त्याबद्दल बोलणं म्हणजे दुसऱ्याच्या तराजूत आपलं धान्य मोजणं, असं बाबांचं मत होतं. तेव्हा गाडी बिघडलेलीच होती. शुक्रवारची सकाळ होती, पाण्याच्या टाकीजवळच्या चौकात दिवा लाल होता, आणि उभ्या गाडीत धाकटा आणि बाबा असे हलत होते की बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, दोघं कसल्यातरी प्रस्तावाला मनापासून मान्यता देतायत. पुढच्या कप्प्याचं झाकण दात वाजवत होतं. धाकट्याचे दातही वाजत होते, पण ते झाकणापेक्षा अर्ध्या ठोक्यानं मागे होते. बाबांचा चष्मा नाकावरून घसरत निघाला होता. शेंड्यापर्यंत पोचायला त्याला चाळीस सेकंद लागतात हे धाकट्यानं गेल्या पाच महिन्यांत मोजून ठेवलं होतं, आणि ह्या चौकातला दिवा नव्वद सेकंदांचा, म्हणजे एका लाल दिव्यात चष्मा दोनदा घसरायचा आणि बाबा तो दोनदा एका बोटानं वर ढकलायचे. बोलायचे मात्र नाहीत. मान किंचित तिरकी करून ते इंजिनाकडे कान लावून बसायचे, शेजारच्या बिऱ्हाडात भांडण चालू असल्यावर लावतात तसे. दिवा हिरवा झाला. बाबांनी गाडी गिअरमध्ये टाकली, गाडी पुढे सरकली, आणि सरकल्याबरोबर तिची थरथर गेली. चालताना ती ठणठणीत होती. तिला फक्त उभं राहवत नव्हतं.

आता कुणी म्हणेल, चौतीस वर्षांच्या माणसाला रोज सकाळी बाप कामावर सोडतो म्हणजे काय. धाकट्याच्या कार्यालयात हे सगळेच म्हणत. बसनं बारा मिनिटं लागायची, गाडीनं पस्तीस, कारण बाबा जुन्या बाजाराच्या मागून, इस्पितळाला वळसा घालून, मग परत उलटं येऊन नेत. धाकटा पाणीपुरवठ्याच्या तक्रार विभागात होता. लोकांचे अर्ज यायचे आणि तो उत्तरं लिहायचा की आपला अर्ज योग्य त्या टेबलाकडे पाठवला आहे. योग्य ते टेबल खिडकीपाशी होतं आणि त्याच्यावर एक कुंडी होती. अशा ठिकाणी तेवीस मिनिटं उशिरा पोचलं तरी नळाला काही कळत नाही. पण तो बसनं जात नसे याचं कारण नळ नव्हता, बाबा होते, आणि बाबा फक्त उभ्या गाडीत बोलत. हे कुणाला सांगून पटलं नसतं. बाबांनी चौतीस वर्षं वजनमापं तपासण्याचं काम केलं होतं, दुकानादुकानांतून हिंडून, पितळेच्या वजनांची लाकडी पेटी घेऊन, आणि त्या पेटीची शिस्त त्यांच्या जिभेला लागली होती. घरात बोलणं हे आईचं खातं, तिथे ते ढवळाढवळ करत नसत. आणि गाडी चालत असताना तर तोंडच उघडत नसत; चालत्या गाडीत बोलणारा आणि घास तोंडात असताना हसणारा, दोघांनाही ठसका लागतो, हे त्यांनी धाकट्याला पहिलीत असताना सांगितलं होतं. अर्थात लाल दिव्यावर. दिवा लाल झाला की क्लच, मग न्यूट्रल, मग हँडब्रेकचा करकर आवाज, आणि त्या आवाजानंतर बाबा बोलायला लागत. हिरवा झाला की शब्दाच्या मधोमध थांबत. पुढचा लाल दिवा त्याच दिवशी लागो की तीन दिवसांनी, ते बरोबर त्याच अक्षरापासून सुरू करत, आणि मागचं लक्षात ठेवणं ही ऐकणाऱ्याची जबाबदारी.

धाकट्याचं सगळं शिक्षण असं तुकड्यातुकड्यांनी झालं होतं. आई आणि बाबा पहिल्यांदा भेटले ती हकीकत अकरा लाल दिव्यांची. आई समोरून आली तेव्हा तिच्या हातात बादली होती, इथे दिवा हिरवा झाला, आणि बादलीत काय होतं हे कळायला त्याला चार दिवस लागले, कारण मधे शाळेला सुट्ट्या आल्या. बादलीत काही नव्हतं. पण त्या चार दिवसांत त्यानं तिच्यात मासे, साप, पेटते कोळसे आणि एकदा तर थोरल्या भावाला घालून बघितलं होतं, आणि पुढे आयुष्यभर रिकामी बादली दिसली की त्याच्या पोटात उगीचच आनंदाची कळ उठायची. मरण म्हणजे काय हे बाबांनी इस्पितळासमोरच्या चाळीस सेकंदांच्या दिव्यावर समजावून सांगायला घेतलं होतं. "म्हणजे बघ, माणूस," इथपर्यंत ते आले आणि हिरवा झाला. पुढच्या चौकातला दिवा त्या दिवशी बंद होता, हवालदार हातानं वाहनं सोडत होता, आणि हवालदाराच्या हाताला बाबा लाल दिवा मानत नसत. त्यामुळे मरण म्हणजे काय हे धाकट्याला अजून नीटसं माहीत नव्हतं, आणि याचा त्याला आजवर काही तोटाही झालेला नव्हता.

आणि पाच महिन्यांपूर्वी ती वजनाची गोष्ट सुरू झाली. बाबा नोकरीत नवे होते, सव्विसाचे, मिशी राखून होते. एका आडबाजूच्या दुकानात तपासणीला गेले. दुकानदार म्हातारा, एका डोळ्यानं बघणारा. म्हणाला, साहेब, माझं वजन खरं आहे, तुमचं तपासा. असं आजवर बाबांना कुणी म्हणालं नव्हतं. त्या दिवसांत गाडीचा आवाज थोडा चढला होता, ती उभी राहिली की उगीच घुरघुरायची, आणि धाकटा पुढे वाकून ऐकत होता, दोनतीनदा तर त्यानं विचारलंही, काय म्हणालात बाबा, म्हणून. "मी त्याचं वजन उचललं," बाबा म्हणाले, "माझ्या वजनाशेजारी ठेवलं, खाली वाकलो, आणि बघतो तर," आणि दिवा हिरवा झाला. पुढचे चारपाच दिवस बाबा लाल दिव्यावर नुसतेच इंजिनाचा कानोसा घेत राहिले, आणि मग गाडी हलायला लागली. पाच महिने झाले. ते अजून त्या दुकानात वाकलेलेच होते. धाकट्यानं त्या गोष्टीचे चौदा शेवट रचून बघितले. एकात दुकानदार बाबांचाच हरवलेला काका निघतो, एकात वजन पोकळ आणि आत किल्ली, एकात दोन्ही वजनं सारखी असतात आणि दुकानदार ढसाढसा रडतो. एकही बसेना. रचलेला शेवट आतून खुळखुळतो. मग त्यानं घरात विचारून बघितलं. बाबा वर्तमानपत्रातून वर बघत म्हणाले, "कुठली गोष्ट?" आणि हे नाटक नव्हतं, घरातल्या बाबांना ती गोष्ट खरंच माहीत नसावी असा त्यांचा चेहरा होता. मग एकदा रस्त्याच्या कडेला गाडी थांबवायला लावली. "इथे थांबायला मनाई आहे," बाबा म्हणाले, आणि पाटी दाखवली. एकदा घरासमोर इंजिन चालू ठेवून बसून राहू म्हणाला, तर आईनं खिडकीतून विचारलं, "आत कुणी बाळंत होतंय का?"

आईला ही गाडी नकोच होती. थोरल्यानं परगावाहून नव्या गाडीचं नक्की केलं होतं. ती गाडी सिग्नलला उभी राहिली की आपोआप बंद पडायची आणि निघताना आपोआप चालू व्हायची. "बघा, किती शहाणी आहे," आई म्हणाली, "नाहीतर तुमची ही. कमरेचे सगळे मणके मोकळे केलेन माझे. सोमवारी भंगारवाला येतोय, मी सांगून ठेवलंय." बाबांनी काही विरोध केला नाही. एवढंच म्हणाले, की बंद गाडी म्हणजे खुर्ची. धाकट्याला त्या वाक्याचा अर्थ तेवढ्यात कळला. बंद गाडी उभी नसते, नुसती असते. खुर्चीत बाबा बोलत नाहीत. सोमवारी भंगारवाला येऊन ही गाडी नेणार, तिच्याबरोबर ते आडबाजूचं दुकान, एका डोळ्याचा म्हातारा आणि वाकलेले सव्विशीतले बाबा, सगळं दाबून त्याचा एक चौकोनी ठोकळा करणार. मधे एकच शनिवार होता.

म्हणून शनिवारी सकाळी तो बाबांना घेऊन मावशीच्या गॅरेजमध्ये गेला. मावशी कुणाचीच मावशी नव्हती, पन्नाशीची बाई, बाह्या दुमडलेल्या, आणि तिच्या हातांवरच्या ग्रीसच्या काळ्या रेघा इतक्या मुरलेल्या की ज्योतिष्यानं त्यांच्यावरून गाडीचंच भविष्य सांगितलं असतं. "काय होतंय?" तिनं विचारलं. धाकट्यानं तोंड उघडलं. "तुला नाही विचारलं. काका, चालू करा." बाबांनी गाडी चालू केली. गाडी हलायला लागली. मावशीनं एक हातभर लांब स्क्रू ड्रायव्हर घेतला, टोक इंजिनाला टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. शेजारी उभ्या असलेल्या बाबांनीही डोळे मिटले. मग आपणच तेवढे उघडे ठेवणं बरं दिसत नाही म्हणून धाकट्यानंही मिटले. मिटल्यावर थरथर पायांतून वर आली, गुडघ्यात जरा रेंगाळली, आणि त्याला एकदम आठवलं की लहानपणी ताप आला असताना बाबांनी त्याला ह्याच गाडीतून नेलं होतं आणि तेव्हा तो हलत होता, गाडी नाही. गाडी थाळीतल्या पाण्यासारखी स्थिर होती. मग आज गाडीला ताप आला असेल तर कुणीतरी स्थिर राहायला हवं, म्हणून त्यानं श्वास धरून ठेवला. मावशीनं डोळे उघडले तेव्हा तो जांभळा पडायला आला होता.

"चार प्लग आहेत," मावशी म्हणाली. "एकेकाची वायर काढून बघते. काढल्यावर गाडी आणखी बिथरली, तर तो कामाचा. काहीच फरक पडला नाही, तर तो नुसता बसून पगार खातोय." हे ऐकून धाकट्याला बरं वाटलं नाही. मागच्याच महिन्यात तो तीन दिवस रजेवर होता. परत गेला तेव्हा कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं; उलट त्याच्या नावानं दोन उत्तरं गेली होती आणि ती जास्त चांगली होती. त्यानं मनातल्या मनात तिसरा प्लग आपला म्हणून धरला. का तिसरा, ते सांगता येणार नाही, मधला पण नाही आणि शेवटचा पण नाही, कुठल्याही रांगेत त्याची जागा हीच असायची. मावशीनं पहिली वायर उपटली, गाडी धडपडली. लावली. दुसरी उपटली, पुन्हा धडपडली. तिसऱ्या वायरीला तिनं हात घातला आणि धाकट्याला वाटलं, आता कळेल. वायर निघाली. गाडी अशी बिथरली, असे आचके द्यायला लागली, पुढच्या कप्प्याचं झाकण धाडकन उघडून आतले जुने चष्मे, टॉर्च, सगळं खाली पडलं, की बाबा दोन पावलं मागे सरले. "मी," धाकटा मोठ्यानं म्हणाला.

"काय मी?" मावशीनं विचारलं.

"मी बघतोय, म्हटलं."

"बघ की. नाही कोण म्हणतंय." तिनं वायर परत लावली, चौथीही बघितली. चारही प्लग कामाचे निघाले. धाकट्याला इतका आनंद झाला की त्यानं जमिनीवर पडलेला एकेक चष्मा उचलून शर्टाला पुसला. मावशी आता इंजिनाच्या मागच्या बाजूला वाकली होती. तिथे बोटाएवढी एक रबरी नळी होती; ती तिनं दोन बोटांत चिमटली, आणि मास्तर आल्यावर वर्ग गप्प व्हावा तसं इंजिन एकदम शहाणं झालं. बोटं सोडली, वर्ग पुन्हा सुरू. "ही," ती म्हणाली, "ही हवा चोरतेय. आवळायच्या पट्टीच्या मागे चिरलीय, म्हणून दिसत नाही. चिरली की गाडी वरची हवा ओढते, घुरघुरते." तिनं नवी नळी लावली, पट्टी आवळली, आणि गाडी परत चालू करायला सांगितली. घुरघूर गेली. पण थरथर पुरती गेली नाही; बारीक, हुडहुडीसारखी, खालच्या खाली चालूच राहिली. मावशीच्या कपाळाला आठी पडली. "आता तर हिनं नीट उभं राहायला पाहिजे. हिला उपाशी कोण ठेवतंय?"

धाकट्याच्या खिशातला फोन वाजला. आई होती. "झाली का ती?"

"नाही अजून."

"होणारही नाही. आणि ह्यांना म्हणावं तिथे स्टुलावर बसू नका, डुगडुगतं ते, मागच्या वेळी पडले होते."

बाबा स्टुलावर बसले होते आणि छताकडे बघत होते. छतात बघण्यासारखं काही नव्हतं. मावशीनं टॉर्च घेऊन कार्ब्युरेटरच्या बाजूला प्रकाश टाकला आणि बराच वेळ बघत राहिली. तिथे एक लहानसा स्क्रू होता, उभ्या गाडीत इंजिन किती जोरात फिरावं ते ठरवणारा. सगळीकडे वर्षानुवर्षांची काजळी आणि त्या स्क्रूचं डोकं तेवढं नाण्यासारखं चकचकीत. "हा कुणीतरी सैल केलाय," ती म्हणाली. "एकदम नाही. रोज थोडा थोडा. आणि स्क्रू ड्रायव्हरनं नाही, हे ओरखडे बघ, बारीक दात आहेत. नेलकटरची कानस." गाडीच्या किल्लीलाच बाबांचा नेलकटर अडकवलेला होता, आणि इंजिन चालू असल्यामुळे तो स्टीअरिंगखाली सगळ्यांच्या देखत नाचत होता.

"रोज पाव आटा फिरवायचो," बाबा छताला म्हणाले.

"पण का, बाबा?"

धाकट्याला वाटलं, इथे लाल दिवा नाही, इथे ते बोलणार नाहीत. पण बाबांनी उघड्या बॉनेटकडे बघितलं, गाडी उभी होती, इंजिन चालू होतं, आणि बहुतेक तेवढं पुरलं. "तू तीनदा विचारलंस मला, काय म्हणालात म्हणून. ती फार आवाज करायला लागली होती. म्हटलं तुला ऐकू जात नाहीये. गोष्ट ऐन रंगात आलेली. म्हणून रात्री गाडी आत घेताना जरा आवाज कमी करायचो. करता करता हलायला लागली."

"मग घट्ट करायचा ना परत."

"मग आवाज वाढला असता."

"आणि हलते म्हणून तुम्ही बोलायचंच सोडलंत?" मावशी कमरेवर हात ठेवून म्हणाली. तिला सगळं कळलं नव्हतं, पण जेवढं कळलं तेवढं तिला पुरेसं वाटलं. "पाच महिने तिचंच ऐकत बसलात?"

"आधी माप नीट करायचं," बाबा म्हणाले, "मग तोलायचं."

धाकटा त्या चकचकीत स्क्रूकडे बघत राहिला. त्याला इतके दिवस वाटत आलं होतं की गोष्टीची भूक आपल्या एकट्यालाच आहे. बाबा आपले सांगतात, पाऊस पडतो तसे, कुणी खाली उभं असो नसो. आणि हा माणूस अंगणात वाकून, एका हातात टॉर्च धरून, आपल्याला ऐकू जावं म्हणून इंजिनाला रोज पाव पाव आटा गप्प करत होता. इतकं गप्प, की बिचारं गारठून कुडकुडायला लागलं. त्याला हसू यायला लागलं. आधी पोटात आलं, मग खांद्यांत, आणि मग तो गाडीपेक्षा जास्त हलायला लागला, तेव्हा मावशी म्हणाली, "ह्याचा पण स्क्रू बघू का?" आणि खऱ्या स्क्रू ड्रायव्हरनं तिनं गाडीचा स्क्रू हळूहळू घट्ट केला, कान लावून, थोडा जास्त, थोडा कमी, एकदा मागे, आणि थांबली. थरथर गेली. नेलकटर नाचायचा थांबला. बॉनेटच्या कडेवर मावशीनं चहाचा भरलेला कप ठेवला. चहावर एकही वर्तुळ उठलं नाही. तिघं त्या चहाकडे असे बघत राहिले, जणू तो बोलणार आहे.

निघताना धाकटा म्हणाला, "बाबा, लांबनं घ्या." बाबा म्हणाले, "लांबनंच घेतो नेहमी. जवळच्या रस्त्याला दोनच दिवे आहेत, ह्याला सात." आणि हे बोलून ते गप्प झाले, कारण गाडी चालायला लागली होती. धाकट्यानं खिडकीबाहेर बघितलं. बसनं बारा मिनिटं, गाडीनं पस्तीस. सत्तावीस वर्षं त्याला वाटत आलं होतं की बाबांना जवळचा रस्ता माहीत नाही. पहिला दिवा हिरवा लागला. दुसराही हिरवा. त्याला आयुष्यात कधी हिरव्या रंगाचा इतका संताप आला नव्हता. इस्पितळासमोरचाही हिरवा, तिथून गाडी सुसाट गेली, आणि मग पाण्याच्या टाकीजवळच्या चौकात, अगदी तोंडाशी आल्यावर, दिवा लाल झाला. क्लच. न्यूट्रल. हँडब्रेकची करकर. गाडी उभी राहिली, नुसती उभी. बाबांनी मान तिरकी केली. ऐकण्यासारखं काहीच नव्हतं. त्यांनी मान सरळ केली.

"त्याचं वजन बरोबर," बाबा म्हणाले. "माझंच पाच ग्रॅम कमी."

धाकट्याच्या चौदा शेवटांपैकी एकही हा नव्हता.

"पेटीतलं पितळ झिजलेलं. वर्षभर ते घेऊन हिंडत होतो मी. म्हणजे जे दुकानदार लबाड होते, पाचपाच ग्रॅम मारत होते, त्यांचं माझ्याशी तंतोतंत जुळायचं. त्यांना मी शाबासकी देऊन आलो. आणि जे खरे होते, त्यांना नोटिसा." बाबांचे खांदे हलायला लागले. गाडी स्थिर होती. "एकाला तर मी म्हणालो, लाज नाही वाटत? आणि तो म्हणाला, वाटते साहेब, खरंच वाटते." चष्मा घसरला तो ह्या वेळी हसण्यानं घसरला. "म्हाताऱ्यानं मला खुर्ची दिली. पाणी दिलं. म्हणाला, कुणाला सांगू नका, नोकरी जाईल. मी म्हणालो, छे. त्याच दिवशी पेटी घेऊन निघालो, जितक्यांना नोटिसा दिल्या तितक्या दुकानांत परत जायचं ठरवलं. एकेकाची माफी मागायची. पहिलंच दुकान. बंद. मागच्या दारानं गेलो, तर दारात एक बाई उभी, हातात बादली, आणि,"

दिवा हिरवा झाला. मागच्यानं हॉर्न मारला. बाबांनी ओठ मिटले, चष्मा वर केला आणि गिअर टाकला. पुढचे तीनही दिवे हिरवे लागले. धाकटा घरी गेल्यावर आईला म्हणाला, "भंगारवाल्याला नको म्हणून सांग," आणि मग तिच्याकडे असा बघत राहिला की ती म्हणाली, "काय बघतोस, शिंगं फुटली का मला?" सोमवारी तो कार्यालयात तेवीस मिनिटं उशिरा पोचला, दुसऱ्यांच्या अर्जांना उत्तरं लिहिण्याआधी स्वतःचा एक अर्ज लिहिला, आणि कुंडी बाजूला सरकवून तो योग्य त्या टेबलावर ठेवला.

प्रति, मा. वाहतूक नियंत्रण अधिकारी. विषय : लाल दिव्याची मुदत वाढवून मिळणेबाबत. महोदय, पाण्याच्या टाकीजवळील चौकातील लाल दिवा सध्या नव्वद सेकंदांचा असून तो अपुरा पडत आहे. तरी सदर दिव्याची मुदत गोष्ट संपेपर्यंत वाढवण्यात यावी. गोष्ट किती लांब आहे याची अर्जदारास कल्पना नाही. एक संपत आली की तिच्या मागच्या दारातून दुसरी सुरू होते असे निदर्शनास आले आहे. मागील वाहनांना हॉर्न न वाजवता आपापल्या गाडीतील ज्येष्ठ व्यक्तीशी बोलत बसण्याचे आदेश व्हावेत. अर्जदाराचे वडील एकाहत्तर वर्षांचे आहेत, त्यामुळे प्रकरण तातडीचे समजावे. वाढीव मुदत देणे नियमात बसत नसल्यास सदर चौकातील हिरवा दिवा कायमचा रद्द करावा, त्यास अर्जदाराची काहीही हरकत नाही. कळावे, ही नम्र विनंती.